आगबोटीची तहान

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. इतिहासाचे सर रजेवर असले की त्यांचा तास बहुतेक वेळा माझ्याच वाट्याला येतो. मागच्या वर्षी असाच एक तास घेताना मी फळ्यावर सुएझ कालव्याचं साल लिहिलं, १८६९, आणि सांगितलं की त्या काळी आगबोटींना वाटेत कोळसा आणि गोडं पाणी भरून घ्यावं लागे. मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "टीचर, कोळशाचं समजलं. पण बोट तर पाण्यातच असते. तिला पाणी कशाला भरावं लागतं?"

वर्ग हसला. मी हसले नाही, कारण मला उत्तर येत नव्हतं. "उद्या सांगते," असं म्हणून मी पुढच्या सालाकडे वळले. शिक्षकाच्या नोकरीत हे वाक्य फार उपयोगी पडतं. फक्त दुसऱ्या दिवशी ते विसरायचं नसतं.

घरी जाताना नानांचं एक बोलणं आठवलं. माझे नाना, म्हणजे आईचे वडील, आगबोटीवर तेलवाले होते. आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातले मुसलमान पिढ्यान् पिढ्या जहाजावर गेले, पण बहुतेक डेकवर: खलाशी, टंडेल, सारंग. मुंबईहून सुटणाऱ्या बोटींच्या इंजिनात भरणा असायचा तो पंजाबी आणि पठाणांचा. नाना तिकडे कसे पोचले याची गोष्ट ते दरवेळी वेगळी सांगत, त्यामुळे ती इथे सांगत नाही. पण एक वाक्य मात्र कधी बदललं नाही: "बोटीला प्यायला गोडं पाणी लागतं आणि आंघोळीला खारं. दोन्ही एकत्र झाली की बोट आजारी पडते." लहानपणी मला वाटे, नाना गंमत करतायत. त्या संध्याकाळी पहिल्यांदा वाटलं की यात काहीतरी खरं असावं. मग मी वाचायला बसले, आणि एका दिवसाचं काम दोन महिने चाललं.

आधी डब्याचा प्रयोग आठवा. रॉकेलच्या रिकाम्या डब्यात थोडं पाणी उकळायचं, वाफेने आतली हवा हुसकून लावली की आच बंद करून बूच घट्ट बसवायचं आणि वरून थंड पाणी ओतायचं. डबा पिचकतो. एक लिटर पाण्याची साधारण सोळाशे लिटर वाफ होते. ती वाफ पुन्हा पाणी झाली की तेवढी जागा जवळजवळ रिकामी होते आणि बाहेरची हवा डबा दाबून टाकते. वाफेच्या इंजिनाची निम्मी करामत हीच. वाफ ढकलते हे आपण शाळेत शिकतो, पण ती थंड झाल्यावर मागे जी पोकळी ठेवते तीही ओढते, हे कुणी फारसं सांगत नाही.

न्यूकोमेनच्या जुन्या इंजिनात थंड पाणी थेट सिलिंडरमध्येच मारत. म्हणजे दर खेपेला सिलिंडर तापवायचा आणि दर खेपेला निववायचा. १७६५ साली जेम्स वॉटला सुचलं की वाफ थंड करायला वेगळं भांडं ठेवावं. सिलिंडर कायम गरम राहील, ते भांडं कायम थंड. हाच कंडेन्सर. १७६९ साली त्याने पेटंट घेतलं. वॉटने सुरुवातीला नळ्यांचा कंडेन्सर करून पाहिला होता, ज्यात वाफ नळीच्या आत आणि थंड पाणी बाहेर राहतं. पण तो करायला किचकट. त्यापेक्षा वाफेवर थंड पाण्याचा फवारा मारणं सोपं. खाणीवर किंवा गिरणीत नदीचं गोडं पाणी असतं, ते वाफेत मिसळलं तरी काय बिघडतं? फवारा रूढ झाला.

तोच फवारा बोटीवर चढला आणि बिघडलं ते तिथे. बोटीवर थंड पाणी म्हणजे समुद्राचं पाणी. वाफेवर खारा फवारा मारला की तयार होणारं पाणीही खारं, आणि बॉयलरला परत पाजायला दुसरं पाणी नाही. म्हणजे १८२०-३०च्या आगबोटी खरोखरच समुद्राचं पाणी उकळत होत्या. पाण्याची वाफ होऊन जाई, मीठ मागे राही. आपल्या उरण-पेणच्या मिठागरात जे उन्हाने होतं, तेच इथे आगीने, लोखंडी भांड्याच्या पोटात.

मिठापेक्षा वाईट होतं ते कॅल्शियम सल्फेट. चहा जितका गरम तितकी साखर चांगली विरघळते. याचं उलटं आहे: पाणी जितकं गरम तितकं ते कमी विरघळतं, आणि बॉयलरच्या सगळ्यात तापलेल्या पत्र्यावर जाऊन बसतं. दगडासारखं कवच धरतं. कवच धरलं की आच पाण्यापर्यंत पोचत नाही, कोळसा जास्त लागतो आणि पत्रा तापून फुगतो. म्हणून इंजिनिअर ठराविक वेळाने बॉयलरमधलं खारट पाणी समुद्रात सोडून देत आणि नवं भरत. समुद्राच्या पाण्यात साधारण बत्तीसावा भाग मीठ असतं, त्यामुळे मापही बत्तीसांशात चाले: दोन बत्तीसांश झालं, आता सोडा. तेवढ्यावर ठेवायचं तर बॉयलरमध्ये घेतलेल्या पाण्यातलं निम्मं तापवून फेकायचं. मी ढोबळ हिशोब केला, तर कोळशाच्या दर दहा पोत्यांतलं एक पोतं केवळ समुद्र गरम करण्यात जात होतं. शिवाय दाब वाढवायची सोय नाही, कारण दाबाबरोबर उष्णता वाढते आणि उष्णतेबरोबर कवच. दाब कमी म्हणजे तेवढ्याच कामाला कोळसा पुन्हा जास्त.

हे सगळं मुंबईच्या इतिहासाशी थेट जोडलेलं आहे. 'ह्यू लिंडसे' ही ४११ टनांची आगबोट मुंबईच्या गोदीत बांधली गेली. २० मार्च १८३० रोजी ती मुंबईहून सुएझकडे निघाली, आगबोटीने डाक नेता येते हे दाखवायला. तिच्या कोठारात साडेपाच दिवसांचाच कोळसा मावत होता आणि एडनला पोचायला अकरा दिवस लागणार होते. म्हणून कॅबिनमध्ये, डेकवर, मिळेल तिथे कोळसा भरला. एडन आलं तेव्हा जेमतेम सहा तासांचा कोळसा उरला होता. ती सुएझला २२ एप्रिलला लागली. प्रयोग यशस्वी झाला असं म्हणतात, पण अशी बोट सामान काय नेणार? स्वतःचं जेवणच तिला वाहवत नव्हतं.

या भुकेपायी वाटेत कोळशाचं ठाणं हवं होतं. १९ जानेवारी १८३९ रोजी मुंबईहून गेलेल्या फौजेने एडन घेतलं. कारणं अनेक होती, पण कोळसा त्यातलं एक मोठं कारण. पुढची नव्वदेक वर्षं एडन मुंबई इलाख्याचा भाग होतं. आणि त्या कोरड्या गावात पुढे गोडं पाणी मिळवलं तेही समुद्राचं पाणी उकळून, वाफ थंड करून. एडनमध्ये 'कंडेन्सरचं पाणी' विकलं जाई.

त्या काळच्या मुंबईत एक माणूस असा होता की ज्याला हे यंत्र आतून कळत होतं: आर्देशीर कर्सेटजी वाडिया. जहाजबांधणीच्या घराण्यात जन्मला आणि शिडांऐवजी वाफेच्या मागे लागला. १८४१ साली तो रॉयल सोसायटीचा फेलो झाला, पहिला भारतीय. त्याच सुमारास मुंबईच्या स्टीम फॅक्टरीचा मुख्य इंजिनिअर म्हणून परतला. त्याच्या हाताखाली युरोपीय कारागीर काम करत. १८४१ साली, मुंबईत! आमच्या पाठ्यपुस्तकात त्याच्यावर एक ओळ नाही.

आता अत्तरवाल्यांकडे जाऊ. कनौजमध्ये अत्तर काढतात ती देग-भपक्याची रीत शेकडो वर्षांची आहे. देगेत फुलं आणि पाणी, झाकण मातीने लिंपलेलं, तिथून बांबूची नळी भपक्यात, आणि भपका पाण्याच्या टाकीत बुडवलेला. वाफ भपक्यात येऊन निवते. टाकीतलं पाणी कोमट झालं की कारागीर ते बदलतो. टाकीचं पाणी कितीही गढूळ असो, आतल्या अर्काला ते शिवत नाही. तांब्याची भिंत फक्त थंडावा आत जाऊ देते.

सॅम्युएल हॉलने १८३४ साली पेटंट घेतलं ते याच तत्त्वाचं, बोटीसाठी. गंमत म्हणजे हा माणूस जहाजवाला नव्हताच. नॉटिंगहॅमजवळच्या बास्फर्डचा कापडवाला. लेसवरचे बारीक तंतू गॅसच्या ज्योतीने जाळून लेस स्वच्छ करायची युक्ती काढून त्याने आधी बरेच पैसे कमावले होते. त्याच्या कंडेन्सरमध्ये वाफ आणि समुद्राचं पाणी यांच्यामध्ये असंख्य बारीक नळ्यांची भिंत होती. वाफेचं पाणी होई ते गोडं, तेच परत बॉयलरला जाई, तेच पुन्हा वाफ होई. समुद्राने फक्त थंडावा द्यायचा आणि बाहेर जायचं. ४ एप्रिल १८३८ रोजी 'सिरियस' नावाची छोटी बोट आयर्लंडच्या कॉर्कहून निघाली आणि २२ तारखेला न्यूयॉर्कला पोचली. तिच्यात हॉलचे कंडेन्सर होते. शेवटी कोळसा संपून फर्निचर जाळल्याची गोष्ट सांगतात, ती तिखटमीठ लावलेली आहे. कंडेन्सरची गोष्ट मात्र कुणी सांगत नाही.

एवढं झाल्यावर सगळ्यांनी हॉलचे कंडेन्सर बसवले असतील असं वाटेल. नाही. वीस-पंचवीस वर्षं ते मागेच पडले. कारण क्षुल्लक होतं: चरबी. सिलिंडरला वंगण म्हणून जनावराची चरबी वापरत. ती वाफेबरोबर येऊन नळ्यांवर थर धरी, आणि तूपकट भांड्यावर पाणी ओतलं तर जसं होतं तसं थंड पाणी आपलं काम करेनासं होई. तेच तेच पाणी फिरत राहिल्याने चरबीचं आम्ल बॉयलरमध्ये साठे आणि पत्रा खाई. नळ्यांचे सांधे गळत. इंजिनिअर वैतागून म्हणत, आपला फवाराच बरा. खनिज तेलाचं वंगण आलं, नळ्या बसवण्याची कला सुधारली, तेव्हा १८६०च्या दशकात ही रीत परतली. पी अँड ओ कंपनीच्या 'मुलतान' बोटीवर १८६१च्या सुमारास असे कंडेन्सर होते. हॉल १८६३ साली लंडनमध्ये हलाखीत वारला.

पुढचं भराभर सांगते, कारण ते पुस्तकांत सापडतं. गोडं पाणी मिळाल्यावर दाब वाढवता आला, तीच वाफ दोन-दोन, तीन-तीन सिलिंडरांतून फिरवता आली. १८६६ साली आल्फ्रेड होल्टच्या 'अ‍ॅगामेम्नॉन'ने लिव्हरपूल ते मॉरिशस ८५०० मैल न थांबता कापले. 'ह्यू लिंडसे'ला मुंबई ते एडन जमत नव्हतं, हे ध्यानात घ्या. १८८१ साली 'अ‍ॅबरडीन' वाटेत एकदाच कोळसा घेऊन ४२ दिवसांत मेलबर्नला पोचली. सुएझ कालव्याने रस्ता जवळ केला हे खरं, पण त्या रस्त्याने परवडणारी बोट कंडेन्सरने दिली. फळ्यावर आपण एकच साल लिहितो.

आता आंघोळीकडे. बोटीच्या पोटाला पाण्याखाली एक जाळीचं तोंड असतं. तिथून पंप समुद्र आत ओढतो, हजारो पितळी नळ्यांतून फिरवतो आणि दुसऱ्या बाजूने बाहेर टाकतो. नळ्यांच्या बाहेरून वाफ येते, थंड पितळेला लागून पाणी होते आणि तळाशी जमते. किती समुद्र लागतो? पाणी दहा अंशांनी तापू दिलं, तर एक टन वाफेसाठी पन्नास ते साठ टन. एवढं अखंड, रात्रंदिवस, नांगर पडेपर्यंत. पाणी ओढायची तोंडं दोन असतात, एक खालचं आणि एक वरचं. भर समुद्रात खालचं उघडं ठेवायचं, नाहीतर बोट कलली की पंप हवा ओढतो. नदीत किंवा उथळ बंदरात वरचं, नाहीतर गाळ आत येतो. हुगळीत किंवा मुंबई बंदरात शिरताना हे विसरलं तर नळ्या चिखलाने भरल्याच.

आणि समुद्र थंड असेल तर ठीक. थंड समुद्रात पोकळी मोजणारा काटा छान चढतो. तांबड्या समुद्रात ऑगस्टमध्ये पाणीच तीस अंशांच्या वर असतं. आंघोळीला कढत पाणी मिळालं तर अंग कसं निवणार? काटा इंच-दोन इंच खाली येतो. टर्बाइनच्या बोटीत एका इंचाला चार-पाच टक्के वाफ जास्त लागते. जास्त वाफ म्हणजे जास्त कोळसा, म्हणजे आगवाल्याचे जास्त फावडे, आणि तेही नेमके तिथे, जिथे खाली इंजिनात पन्नास अंशांवर पारा असे आणि वारा मागून आला तर श्वास घ्यायला हवा नसे. वारा खाली जावा म्हणून कप्तानांनी बोट उलटी फिरवल्याचे दाखले आहेत. कंडेन्सरचं ते दोन इंचांचं गणित पुस्तकात कोळशाच्या टनांत मांडलेलं असतं. ते कोणाच्या तरी खांद्यांतून जात होतं. १९१४ साली ब्रिटिश व्यापारी बोटींवर सुमारे ५१ हजार हिंदुस्थानी लष्कर, म्हणजे खलाशी, होते. त्यातले पुष्कळ खाली, इंजिनात.

भाषेची शिक्षक म्हणून त्यांचे शब्द मला मोह घालतात. आगवाला भट्टी सांभाळणार, कोलसेवाला कोळसा ओढणार, तेलवाला वंगण घालणार. थॉमस रोबकने १८११ साली जहाजी हिंदुस्थानीचा कोश छापला, तेव्हा हिंदी महासागरात आगबोट आलीच नव्हती, त्यामुळे त्यात शिडं आणि दोर. जॉर्ज स्मॉलने १८८२ साली तो सुधारून काढला. पण इंजिनातली भाषा कोशात नाही, तोंडात घडली. नाना कंडेन्सरला 'कंडीसर' म्हणत आणि पोकळीच्या काट्याला 'वाकम'.

आता त्यांची रात्र. पन्नाशीच्या दशकात कधीतरी, एडन मागे टाकल्यावर, तांबड्या समुद्रात. साहेबाने, म्हणजे सेकंड इंजिनिअरने, बॉयलरला जाणारं पाणी काचेच्या नळीत घेतलं आणि त्यात औषधाचे दोन थेंब टाकले. पाणी दुधासारखं झालं. ते औषध म्हणजे सिल्व्हर नायट्रेट, हे मला आत्ता कळलं. मीठ असलं की ते पांढरं होतं. म्हणजे हजारो नळ्यांतली एखादी फुटली होती आणि समुद्र आत शिरत होता. वाफेच्या बाजूला पोकळी, त्यामुळे भोक केवढंही असो, खारं पाणी तिकडेच ओढलं जाणार. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश आरमाराला या दुखण्याने इतकं छळलं की त्यांनी त्याला रोगाचंच नाव दिलं, 'कंडेन्सरायटिस'.

भर समुद्रात कंडेन्सर उघडता येत नाही. साहेबाने नानांना भुसा आणायला पाठवलं. लाकडाचा भुसा, सुताराच्या कोठीतला. नाना सांगत, मला वाटलं साहेबाचं डोकं उन्हाने फिरलं. त्यांनी पोतं आणलं, आणि समुद्राचं पाणी ओढणाऱ्या पंपाच्या तोंडाशी मूठ-मूठ भुसा सोडत राहिले. भुसा पाण्याबरोबर नळ्यांतून फिरतो, बहुतेक बाहेर जातो. पण ज्या नळीला भोक आहे तिथे पोकळी त्याला ओढून घेते, तो तिथे अडकतो, फुगतो आणि बूच बनतो. भोक शोधावं लागत नाही, भुसाच शोधतो. साहेब तासा-तासाला काचेची नळी पाहत होता. पहाटे दूध पातळ झालं. नाना फजरची नमाज चुकली याची खंत शेवटपर्यंत सांगत, पण सांगताना त्यांचा चेहरा खुललेला असे.

सुएझला नांगर टाकल्यावर झाकण उघडलं. मग मेणबत्तीचं काम: आत पोकळी ठेवून एकेका नळीच्या तोंडाशी ज्योत धरायची. जिथे ज्योत आत वळते, ती नळी फुटकी. तिच्या दोन्ही टोकांना बूच ठोकायचं आणि ती कायमची बंद. मेणबत्ती नानांच्या हातात होती. किती नळ्या तपासल्या विचारलं तर म्हणत, "तसबीह ओढतो तसं केलं. मोजलं नाही."

वाफेच्या बोटी आता फार उरल्या नाहीत. डिझेलने त्यांना हटवलं. पण कारवारला असणारी आपल्या नौदलाची 'विक्रमादित्य' अजून वाफेवर चालते, म्हणजे तिथे कुणीतरी आजही खारं आणि गोडं वेगळं ठेवण्याची राखण करत असणार.

त्या मुलीला मी दोन महिन्यांनी उत्तर दिलं. घरून पातेलं, ताट आणि शेगडी नेली, मिठाचं पाणी उकळलं, वर ताटात बर्फाचं पाणी ठेवलं आणि ताटाच्या खालून ठिबकलेलं पाणी चमच्यात घेऊन तिला चाखायला दिलं. "गोडं आहे," ती म्हणाली. मग तिने ताटातलं पाणी बोटाने चाचपलं आणि विचारलं, "हे गरम झालं तर?" मी तिला तांबड्या समुद्राबद्दल सांगितलं. भुशाबद्दलही.

नानांची नली, म्हणजे खलाशाची नोकरीची वही, मामांच्या कपाटात आहे. सुट्टीत गेले तेव्हा मागून घेतली. प्रत्येक सफरीपुढे बोटीचं नाव, तारखा, हुद्दा तेलवाला, आणि दोन शिक्के: काम व्हेरी गुड, वर्तन व्हेरी गुड. सगळ्या पानांवर तेच. भुशाची सफर कोणती, ते त्यातून ओळखता येत नाही. मामा म्हणाले, "ती तेलाचे डाग पडलेली पानं बघ, त्यातली एखादी असेल." तसली पानं सात निघाली.